पर्यायी वस्तू : एका तीन पायांच्या चिपेची हकिकत

(द्वितीय वर्ष, कला)

अर्थशास्त्राच्या पुस्तकात पर्यायी वस्तूंचे उदाहरण म्हणून चहा आणि कॉफी दिलेली असते. चहा महागला की कॉफीची मागणी वाढते. गेल्या वर्षी परीक्षेत मी हे उत्तर लिहिले आणि त्याला चांगले गुणही मिळाले. पण एका वस्तूच्या जागी दुसरी बसविणे म्हणजे नेमके काय, हे मला गेल्या श्रावणात तुरीच्या डाळीएवढ्या एका काळ्या तुकड्याने शिकविले. कला शाखेच्या अंकात हा विषय थोडा परका वाटेल. तरी आपल्या महाविद्यालयात माझ्यासारख्या मागवाल्यांच्या मुली पुष्कळ आहेत आणि त्यांच्या घरी हा प्रश्न आज ना उद्या येणार आहे, म्हणून लिहीत आहे.

आमचे आबा इचलकरंजीत यंत्रमाग चालवितात. माग मालकाचे, हात आबांचे. शेडमध्ये बारा तासांच्या दोन पाळ्या चालतात. दिवसा ज्या मागांवर आबा उभे असतात त्याच मागांवर रात्री आमच्या गल्लीतले एक काका उभे राहतात. दोघांची ओळख पंधरा वर्षांची. सकाळी पाळी बदलताना दोघे शेडच्या दारातल्या गाड्यावर एक चहा दोघांत घेत.

आता ज्यांनी माग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे. धोटा एकदा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेला की कापडात एक आडवा धागा पडतो. त्याला पिक म्हणतात. साध्या मागाचा क्रँकशाफ्ट एकदा फिरला की एक पिक पडतो. माग मिनिटाला १४० फेरे घेत असला तर बारा तासांत १,००,८०० पिक होतील. इंचाला ५२ पिकांचे कापड असेल तर मीटरला सुमारे २,०४७ पिक लागतात, म्हणजे माग एकदाही न थांबता चालला तर ४९ मीटर कापड. प्रत्यक्षात धागा तुटतो, कांडी संपते, वीज जाते. त्यामुळे एवढे कधीच निघत नाही. तागा उतरल्यावर एकूण कापड मोजता येते, त्यात वाद नसतो. पण त्या ताग्यात दिवसाचे किती आणि रात्रीचे किती, हे कापडाकडे पाहून कोणालाच सांगता येत नाही. ते सांगते मागावरचे पिक मोजणारे मीटर. पाळी सुटताना त्यावरचा आकडा वहीत उतरतो आणि त्यावर मजुरी.

आमच्या मालकांनी काही वर्षांपूर्वी जुनी इलेक्ट्रॉनिक मीटरे विकत घेऊन मागांना बसविली. श्रावणात आबांच्या चार मागांपैकी दोघांची मीटरे बंद पडली. मालक म्हणाले, "दुरुस्त होईतोवर निम्मं-निम्मं लिहू." ऐकायला न्यायाचे वाटते. पण त्या आठवड्यात दिवसा वीज वारंवार जात होती, तेव्हा रात्रीच्या काकांना वाटले की आपले मीटर आबांच्या नावावर जातात. पुढच्या आठवड्यात रात्रीची एक बीम खराब सुताची निघाली आणि तेच आबांना वाटू लागले. कोणी कोणाला काही बोलले नाही. फक्त चहा बंद झाला.

एके रात्री जेवताना आबा मला म्हणाले, "तू कॉलेजात जातीस न्हवं? मग बघ की जरा ते मीटर." मी सांगितले की मी अर्थशास्त्र आणि मराठी शिकते, यंत्रे नाही. आबांनी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून माझ्याकडे पाहिले. आमच्या घरी कॉलेज म्हणजे कॉलेज. त्यात कला, वाणिज्य, विज्ञान अशा भिंती असतात हे माझ्याआधी कोणाला कळायचे कारणच नव्हते. आई म्हणाली, "बघ म्हंटलंय तर बघावं." मी रविवारी शेडमध्ये गेले.

मीटराची रचना फारच साधी निघाली. क्रँकशाफ्टवर एक गोल चुंबक चिकटविलेला. त्याच्यासमोर मागाच्या सांगाड्याला एक पट्टी आणि पट्टीच्या टोकाला तीन पायांचा काळा तुकडा. त्याच्या तीन तारा मीटरच्या डब्यात गेलेल्या. शाफ्ट फिरला की चुंबक तुकड्यासमोरून जातो, तुकडा डब्याला खूण देतो, डबा आकडा एकाने वाढवितो. एका मागावर त्या तुकड्याचा पायच तुटलेला होता. दुसऱ्या मागावर सगळे जागच्या जागी होते, पण आकडा हलत नव्हता. जॉबरमामांनी दोन्ही तुकडे काढून दिले. भिंग लावून पाहिले तेव्हा त्यावर ३१४४ असा आकडा दिसला.

येथे थोडे मागे जाऊन हा तुकडा करतो काय हे सांगितले पाहिजे. १८७९ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल नावाचा विद्यार्थी होता. मॅक्सवेलच्या प्रसिद्ध ग्रंथात त्याने वाचले की चुंबकाचा जोर पडतो तो तारेवर, तारेतून वाहणाऱ्या विजेवर नव्हे. हे त्याला पटेना. त्याचे प्राध्यापक हेन्री रोलंड यांनाही त्याबद्दल शंका होती. हॉलने काचेवर सोन्याचा पातळ वर्ख बसविला, त्यातून वीज सोडली, वर्ख जबरदस्त चुंबकाच्या दोन टोकांमध्ये धरला, आणि वर्खाच्या दोन कडांमध्ये अगदी थोडा विद्युतदाब निर्माण झालेला त्याला आढळला. इलेक्ट्रॉनचा शोध लागायचा होता तो १८९७ मध्ये. म्हणजे वाहते ते काय हे ठाऊक नसताना त्याचे कडेला सरकणे या मुलाने पकडले. ग्रंथात लिहिलेले पटले नाही म्हणून करून पाहणाऱ्या विद्यार्थ्याविषयी मला फार जिव्हाळा वाटला, हे येथे नमूद करते.

हे कडेला सरकणे समजायला वारीचा रस्ता डोळ्यांपुढे आणावा. दिंडी सरळ चालली आहे. एका बाजूने जोराचा वारा सुटला तर माणसे पुढेच जातात, पण रस्त्याच्या दुसऱ्या कडेला दाटी होते. दाटी झालेली कड आणि मोकळी कड यांतला फरक म्हणजेच हॉलचा विद्युतदाब. वाऱ्याच्या जागी चुंबक. वारा उलट्या बाजूने आला तर दाटी उलट्या कडेला होईल, हेही ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आजच्या चिपेत वर्खाच्या जागी सिलिकॉनचा कण असतो. त्यातून निघणारा दाब इतका बारीक की तो मोठा करणारी जोडणी त्याच कणावर कोरलेली असते आणि तिच्यापुढे निर्णय देणारी आणखी एक. चुंबकाचा जोर अमुक एका मापापर्यंत चढला की ती 'चालू' म्हणते. पण 'बंद' म्हणायला जोर त्याच मापाच्या किंचित खाली येऊन भागत नाही, आणखी खालच्या मापापर्यंत उतरावा लागतो. ज्यांच्या घरी पाण्याच्या टाकीला आपोआप चालणारी मोटर आहे त्यांना हे लगेच कळेल. टाकी तळाला गेली की मोटर सुरू होते आणि पूर्ण भरली की थांबते. दोन्ही मापे एकच ठेवली तर पाणी नुसते हिंदकळले तरी मोटर चालू-बंद होत बसेल. शेडमध्ये सगळेच हिंदकळत असते, म्हणून चिपेलाही हे अंतर हवे.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका मामांना तुकडा दाखविला. ते म्हणाले, "ही कंपनीनं कधीच बंद केलीया. आता मिळायची न्हाई." मग कोणती लावायची, असे विचारल्यावर म्हणाले, "हॉलची कोणतीबी लाव की. दिसतात सगळ्या सारख्याच."

चिप बंद झाली हे मोबाईलवर पाहिल्यावर खरे निघाले. ए३१४४ ही अमेरिकेच्या अलेग्रो मायक्रोसिस्टिम्स या कंपनीची. पूर्वी ही स्प्रेग कंपनीची शाखा होती. १९९० मध्ये जपानच्या सान्केन कंपनीने ती घेतली आणि अलेग्रो हे नाव आले. चिप बंद करण्याचे कारण ती वाईट हे नसते. सिलिकॉनच्या चकतीवर एका वेळी हजारो चिपा घडविल्या जातात. नवी, बारीक कोरीव कामाची रीत आली की जुनी रीत चालू ठेवणे परवडत नाही. कंपनी गिऱ्हाइकांना आगाऊ कळविते, शेवटची मागणी नोंदवायला मुदत देते आणि मुदत संपली की उत्पादन थांबते. मोठे कारखाने त्या मुदतीत कपाट भरून ठेवतात. आमच्यासारख्यांना बातमी पोहोचते ती मागावरचा आकडा थांबला म्हणजे. अलेग्रोने ३१४४ च्या जागी आपलीच ए११०४ सुचविली होती. तिची चालू-बंद होण्याची मापे तीच, पायांचा क्रम तोच. असा पर्याय मिळाला तर पुढचा लेख लिहावाच लागत नाही. पण मी ज्या दुकानांत गेले तेथे ए११०४ हे नावच कोणी ऐकलेले नव्हते.

दुकानदाराने दिली ती यूएस१८८१. दिसायला तशीच, तीन पाय, तीही हॉलची. मामांनी पहिल्या मागावर ती डाखाने जोडून दिली. शाफ्ट हाताने फिरविला, आकडा एकाने वाढला. आबांचा चेहरा उजळला. दुसरा फेरा दिला, आकडा तोच. दहा फेरे दिले, आकडा तोच. मीटरची वीज घालवून पुन्हा दिली की पुन्हा एकदा मोजायची आणि पुन्हा मुकी.

याचे कारण चार दिवसांनी कळले. हॉलच्या चिपांत निरनिराळ्या जाती आहेत. ३१४४ ही एकाच ध्रुवाकडे पाहणारी. चुंबकाचा दक्षिण ध्रुव जवळ आला की चालू, दूर गेला की आपोआप बंद. यूएस१८८१ ही कडी लावून बसणारी. दक्षिण ध्रुवाने चालू झाली की चुंबक नेला तरी चालूच राहते. तिला बंद करायला उत्तर ध्रुव दाखवावा लागतो. काही विद्युत मोटरींत चुंबकाचे उत्तर-दक्षिण ध्रुव आळीपाळीने समोरून जातात, तेथे हीच हवी. आमच्या शाफ्टवर चुंबक एकच. तिने पहिल्या पिकाला कडी लावली ती लावलीच. चिप खराब नव्हती, दुकानदारही खोटा नव्हता. मी मागताना 'हॉलची चिप' एवढेच मागितले होते.

दुसऱ्यांदा दुसऱ्या दुकानातून आणली ती ४९ई. तिला मीटरचे १२ व्होल्ट दिले आणि पट्टीवरून हात काढते तोच बोट भाजले. ही जात तर चालू-बंद होणारीच नव्हे. चुंबक जवळ आला तसा तिचा दाब हळूहळू चढतो किंवा उतरतो, ती केवळ माप सांगते, निर्णय देत नाही. शिवाय तिला साडेसहा व्होल्टच्या वर चालत नाही आणि ३१४४ ला साडेचार ते २४ पर्यंत काहीही चालते. चिपेचे पैसे थोडेच होते. पण कोल्हापूरला जाऊन यायचे भाडे आणि बुडालेले दोन तास सकाळचे तास, हे माझ्या हिशेबात राहिले. घरी आलेल्या चुलत्यांनी त्या रात्री सहज विचारले, "बीए करून शेवटी काय हुतं म्हनं?" मी गप्प बसले.

तिसऱ्या खेपेला मी आधी कागद वाचायचे ठरविले. प्रत्येक चिपेचे कंपनीने काढलेले माहितीपत्रक असते आणि ते फुकट मिळते. इंग्रजी कठीण नसते, क्रियापदे तर जवळजवळ नसतातच. आपल्या अभ्यासक्रमातील निबंध त्याहून अवघड आहेत. वहीच्या पानावर मी दोन रकाने आखले. डावीकडे ३१४४, उजवीकडे जी मिळेल ती. मग एकेक ओळ ताडून पाहायची. आधी जात : एका ध्रुवाची, कडीची, की माप सांगणारी. मग किती व्होल्टवर चालते. मग पायांचा क्रम. ३१४४ चा छापील चेहरा आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून पहिला पाय विजेचा, मधला जमिनीचा, तिसरा खुणेचा. वरील दोन्ही चुकीच्या चिपांचा क्रमही हाच होता, म्हणूनच त्या इतक्या सहज बसल्या आणि मी फसले. उलट पाटीवर चिकटवायच्या चपट्या आकाराच्या चिपांत तीच चिप असूनही मधला आणि शेवटचा पाय पुष्कळदा अदलाबदल झालेले असतात.

चौथी ओळ समजायला मला सर्वांत वेळ लागला. ३१४४ स्वतः विद्युतदाब बाहेर देत नाही. एक पिंप घ्या, ज्यात वरून बारीक नळीने सतत पाणी पडते आहे आणि तळाला एक मोठी तोटी आहे. चिप म्हणजे ती तोटी. तोटी बंद असेल तर पिंप भरलेले, उघडली तर रिकामे. भरण्याचे काम चिपेचे नव्हे, ते मीटरच्या डब्यातील एका रोधकाचे. पर्यायी चिपही अशीच तोटीची हवी, आणि चुंबक आल्यावर तोटी उघडणारी हवी. काही चिपांच्या घराण्यात चुंबक आल्यावर तोटी मिटणारा एखादा भाऊ असतो, आणि नावात फरक एखाद्या अक्षराचा.

पाचवी ओळ चुंबकाच्या जोराची. तो गाउसमध्ये मोजतात. पृथ्वीचा स्वतःचा जोर अर्ध्या गाउसच्या आसपास. ३१४४ साध्या तापमानाला ७० ते ३५० गाउसच्या दरम्यान कोठेतरी चालू होते आणि ५० ते ३३० च्या दरम्यान बंद. दोन्हींत निदान २० चे अंतर. 'कोठेतरी' हा शब्द महत्त्वाचा आहे. याचा अर्थ असा की एकाच नावाच्या, एकाच पुडीतल्या दोन चिपा वेगवेगळ्या अंतरावर जाग्या होऊ शकतात आणि तरी दोन्ही चांगल्याच.

हे पाहायची संधी लगेच आली. एका दुकानात ३१४४ छापलेल्या चिपांची पुडीच निघाली. बंद झालेली चिप नवी कशी? तर अलेग्रोने सोडली तरी इतर कारखाने त्याच आकड्याने तशीच चिप बनवितात. आकड्याच्या पुढेमागे अक्षरे निराळी असतात, कधी नुसते '४४ई' असते. चिपेवर आकडा पाहून कारखाना कळत नाही, एवढे लक्षात ठेवून मी दहा घेतल्या. घरी नऊ व्होल्टची बॅटरी, एक हजार ओहमचा रोधक, एक लाल दिवा आणि भावाची कंपासपेटीतली पट्टी घेऊन बसले. चुंबक पट्टीवरून हळूहळू पुढे सारायचा आणि दिवा लागला की अंतर लिहायचे. बहुतेक चिपा सात ते दहा मिलिमीटरवर जाग्या झाल्या. एक तर चुंबक जवळजवळ टेकला तेव्हा. एक लागलीच नाही. आई शेजारी शेंगा फोडत बसली होती. ती म्हणाली, "माणसांचंबी असंच असतंय. एका हाकंत कोन उठतंय?"

पहिल्या मागावर चुंबक आणि चिप यांत सात-आठ मिलिमीटर जागा होती. सर्वांत दुरून जागी होणारी चिप तेथे बसविली. दहा फेरे, दहा आकडे. शंभर फेऱ्यांपर्यंत जॉबरमामांनी मोजले आणि मग कंटाळून माग सुरू केला. तो माग तेव्हापासून मोजतो आहे.

दुसरा माग मात्र अडून बसला. तेथे अंतर जेमतेम दोन मिलिमीटर, तरी पुडीतल्या तिन्ही चिपा लावून पाहिल्या, आकडा हलेना. मी म्हटले, येथला चुंबक मेला असेल, तेव्हा अधिक हळवी चिप हवी. आता रकाने भरायची सवय झाली होती. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची डीआरव्ही५०२३ सापडली. एका ध्रुवाची, तोटीची, अडीच ते ३८ व्होल्टवर चालणारी, पायांचा क्रम तोच. तिच्या दोन प्रकारांपैकी एक साधारण १४५ गाउसला जागा होतो आणि दुसरा ६९ लाच. मी अर्थातच दुसरा मागविला. पाच दिवसांनी पाकीट आले. बसविला आणि आकडा पळू लागला. मी तशीच कॉलेजला आले.

दुपारच्या भाकरीच्या वेळी आबांनी माग थांबविला. मीटर पंचाहत्तर हजार दाखवीत होते. सकाळी सातपासून बारापर्यंत पाच तास माग एकदाही थांबला नाही असे धरले तरी बेचाळीस हजारांच्या वर पिक होत नाहीत, हा हिशेब आबांना वही लागत नाही. शेडमध्ये ते कोणाच्याच लक्षात आले नव्हते. आबांनी जॉबरमामांना बोलावून मीटरची तार काढायला लावली आणि मालकांना सांगितले की आजचा आकडा खोटा आहे, लिहू नका. संध्याकाळी मला म्हणाले, "कमी मोजत हुतं तवा भांडान हुतं. आता जास्ती मोजलं तर मी चोर हुईन." त्या दिवशीही निम्मे-निम्मेच लिहिले गेले.

रविवारी मी शाफ्ट हाताने अगदी सावकाश फिरविला. एका फेऱ्यात आकडा दोनदा वाढत होता. पाहताना एक विचित्र गोष्ट दिसली. चुंबक चिपेच्या बरोबर समोर असे तेव्हा चिप बंद. ती चालू होत होती चुंबक समोर येण्याच्या किंचित आधी आणि समोरून गेल्यावर किंचित नंतर. चुंबक मेलेला असता तर असे झाले नसते.

हे कोडे सुटले ते आपल्या भूगोल विभागात. आपल्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र नाही, पण भूगोलाच्या कपाटात होकायंत्रे आहेत. सरांना सगळे सांगून एक मागितले. त्यांनी दिले, पण बजावले की चुंबक सुईच्या फार जवळ नेऊ नकोस, जबरदस्त चुंबकाने सुईचीच दिशा उलटते आणि मग ते यंत्र उत्तरेला दक्षिण म्हणत बसते. हातभर लांब धरून दोन्ही मागांचे चुंबक तपासले. पहिल्या मागावर सुईचे उत्तर टोक चुंबकाकडे वळले. म्हणजे त्या चुंबकाचा बाहेरचा चेहरा दक्षिण ध्रुवाचा. (विरुद्ध ध्रुव ओढतात, याच न्यायाने पृथ्वीच्या उत्तरेला जो ध्रुव आहे तो चुंबकाच्या भाषेत दक्षिण ठरतो. भूगोलाच्या सरांना हे सांगताना मला आवडते.) दुसऱ्या मागावर सुईने उलट टोक पुढे केले. तेथला चुंबक उलटा चिकटविलेला होता.

मग सगळी साखळी जुळली. चकतीसारख्या चुंबकाच्या उत्तर चेहऱ्यातून निघालेला जोर वळून मागच्या दक्षिण चेहऱ्याकडे जातो. वळताना चकतीच्या कडेबाहेर त्याची दिशा उलटी झालेली असते. म्हणून चेहरा उत्तरेचा असला तरी त्याच्या दोन्ही कडांना, अगदी जवळ, दक्षिणेचा थोडा भास होतो. चुंबक समोरून जाताना चिपेला आधी तो भास, मग खरा उत्तर, मग पुन्हा भास असे दिसते. ३१४४ ला एवढा थोडा जोर पुरत नव्हता म्हणून ती मुकी. माझी हळवी चिप ६९ गाउसला जागी होणारी. तिला दोन्ही भास खरे वाटले. दिंडीतला वारा उलटा झाला की दाटी उलट्या कडेला होते, असे वर लिहिले होते ते हेच.

जॉबरमामांना विचारले. त्यांनी आठवून सांगितले की नागपंचमीच्या आधी माग साफ करताना तो चुंबक पडला होता आणि त्यांनीच पुन्हा चिकटविला. "चुंबकाला काय उलटंसुलटं असतंय?" ते म्हणाले. त्यांचा काय दोष? दोन्ही चेहरे सारखेच चकचकीत. मीटर बंद पडले तो दिवस आणि सफाईचा दिवस वहीत ताडून पाहिले. एकच निघाला.

चुंबक पात्याने सोडवून उलटा केला. आता हळवी चिप फेऱ्याला एकदाच मोजू लागली. मला राहवेना, म्हणून डब्यात टाकून ठेवलेली त्या मागाची जुनी, मूळची ३१४४ काढली आणि मामांकडून पुन्हा जोडून घेतली. दहा फेरे, दहा आकडे. ती कधी बिघडलेलीच नव्हती. तिच्यासाठी मी तीन दुकाने, दोन प्रवास आणि एक पाकीट केले होते.

मीटरे बंद होती ते दिवस मालकांनी निम्मे-निम्मेच ठेवले. मागचे कोणाला मोजता येणार नव्हते. रात्रीच्या काकांना आबांनी स्वतः शेडमध्ये बोलावून हाताने शाफ्ट फिरवून दाखविला. काकांनी आकडा पाहिला, मग मला म्हणाले, "आमच्या बाजूच्या चार नंबरचंबी एकदा बघून ठेव पोरी." चहा दुसऱ्या दिवशी सुरू झाला, का त्यानंतर, हे आबांनी सांगितले नाही. मी गाड्यापाशी दोघांना पाहिले ते बुधवारी.

शेडमधल्या प्रत्येक चुंबकाच्या बाहेरच्या चेहऱ्यावर आता मी लाल नखरंगाचा ठिपका दिला आहे. पुडीतल्या सहा चिपा आणि टेक्सासची एक अशा सात चिपा एका गोळ्यांच्या डब्यात आहेत. डब्यावर कागद चिकटवून कोणती किती मिलिमीटरला जागी होते ते लिहिले आहे. न लागणारी आणि भाजलेली या दोन्ही वेगळ्या पुडीत ठेवल्या आहेत. होकायंत्र भूगोल विभागात परत दिले आहे. सुई उत्तरेलाच वळते, सरांनी तपासून घेतले.